साडेनऊ

दुकान साडेनऊला उघडतं, आणि माझी बोटंही साडेनऊ.
विनोद माझाच आहे, सुगत, हसून घे.
मग दोन्ही हात खिशातून काढ.

मे महिना होता.
कूलरचं पाणी संपलेलं, वुडवूल वाळून कुरकुरत होतं,
अख्खं लकडगंज भट्टीसारखं तापलेलं,
आणि महालातल्या एका बाईंना
संध्याकाळी देवघर देतो म्हणून मी कबूल करून बसलेलो.
सागवान बल्लारशाचं, तेलकट, हाताला वास सोडणारं.
कळस झाला, महिरप झाली, अवघड सगळं झालं.
राहिली एक पट्टी,
दोन बोटं रुंद.
(मापं आपण अंगातूनच काढतो बे,
ते लक्षात येत नाही.)

गार्ड मीच काढून ठेवला होता, तीन वर्षांपूर्वी,
नजरेच्या आड येतो म्हणून.
खिळ्याला टांगलेला.
त्यात चिमणीनं काड्या भरल्या होत्या.
ढकलायची काठी बाकाच्या पलीकडे,
चार पावलांवर.
चार.
आजही कधी चालून मोजतो.

दुखलं नाही. कुणाला खरं वाटत नाही, पण नाही दुखलं.
पात्याचा सूर तेवढा जाड झाला,
गाठ लागली की होतो तसा,
आणि मी मनात म्हटलंसुद्धा,
गाठ आली वाटतं.
भुसा लाल झाला,
पुढच्या क्षणी त्यानं ते पिऊन टाकलं,
तेल सांडलं की पितो तसं.

जमीलभाईंनी फडकं आवळलं, ऑटो थांबवला.
ऑटोवाला म्हणाला, सीटला लागू देऊ नका काका.
त्याचंही बरोबर होतं.
रस्त्यात गोळ्याच्या गाडीवरून बर्फ घेतला, पिशवीत तुकडा.
मेयोतली डॉक्टर लहान पोरगी होती,
तिनं पिशवी उघडली, बंद केली,
म्हणाली, हे कापलेलं नाही, मधलं खाल्लं गेलंय,
जोडायचं कशाला कशाशी?

पात्याची जाडी हिशोबात धरायची,
तीन मिलीमीटर,
हे मी पोरांना रोज ओरडून सांगत होतो.

वर्षभर लोकांना सांगितलं की लाईट गेली होती,
बटन चालूच राहिलं, अचानक आली.
लाईटवर कुणी शंका घेत नाही.
बायकोनं घेतली, पण बोलली नाही.
मग इलेक्शन आलं.
शाळेच्या खोलीत शाईची काडी धरून
मास्तर माझ्या डाव्या हाताकडे बघत राहिले,
आणि मागच्या रांगेतून कुणीतरी विचारलं, काय झालं बाप्पा?
आळस केला, मी म्हटलं.
पहिल्यांदाच.
शाई मधल्या बोटाला लागली,
दोन महिने नखावर होती.

गार्ड?
पिल्लं उडेपर्यंत काढला नाही.
तसंही हाताला पट्टी होती, मशीन बंद होतं,
मी स्टुलावर बसून चोच वर करणारी ती लाल तोंडं बघायचो.
देवघर जमीलभाईंनीच पुरं करून पोचवलं.
त्यात पट्टी कोणती लावली,
नवी की तीच रंधून,
हे मी विचारलं नाही, त्यांनी सांगितलं नाही.
बाई रोज दिवा लावत असतील.

सावध राहा, असं मी तुला म्हणणार नाही.
त्या दिवशीही मी स्वतःला सावधच समजत होतो.
हे बघ, काठ्या.
सहा केल्यात. मशीनला एक, खांबाला एक,
बाकावर दोन, दाराशी, तिथं कॅलेंडरखाली.
कुठंही उभा राहा, हात लांब केला की सापडते.
मी काही बदललो नाही रे,
चार पावलं चालायचा कंटाळा मला अजून येतो.

चल, लाव मशीन.
थांब.
आधी मनगटावरचा तो दोरा आत खोच.