हजेरी

बीजप्रक्रिया केंद्राच्या मागच्या खोलीत
आधी सोयाबीनची पोती असायची.
आता तिथं एक स्ट्रेचर, दोन पेट्या
आणि फरशीवर आडवा पडलेला सरपंच.

सरपंच म्हणजे रबराचा पुतळा.
हात नाहीत, पाय नाहीत, नुसती छाती नि उघडं तोंड.
नाव कुणी ठेवलं माहीत नाही, पण शोभतं :
सगळे त्याला शुद्धीवर आणायला बघतात
आणि तो काही येत नाही.

गयासभाई शिकवायचे.
बावीस वर्षं सिव्हिलच्या गाडीवर काढलेली.
पान थुंकून, चूळ भरून मगच पुतळ्याजवळ बसायचे.
"दाब, अजून दाब. कणिक मळायलीस का?
बरगडी मोडली तर मोडू दे, बरगडी जुळते."
तीस दाब, दोन श्वास.
तीस दाब, दोन श्वास.
रात्री मेसमध्ये भाकरी मोडतानाही
तळहात मोजतच राहायचे.

मला वाटलेलं, पहिला फोन येईल
तेव्हा मी धावेन, लोक बाजूला होतील.
पहिला फोन आला व्हॉलीबॉलच्या मैदानावरून :
पशुवैद्यकच्या एका पोराचा घोटा मुरगळलेला.
त्याला माझ्या हातचा बर्फ नको होता.
"तुमच्यात पोरगा नाही का कुणी?" म्हणाला.
मग सहा आठवडे दोन विंचू, एक चक्कर,
आणि पेपरच्या आदल्या रात्री
श्वास लागलेली पहिल्या वर्षाची मुलगी,
जिच्या शेजारी पायरीवर बसून
मी फक्त हळूहळू श्वास घेत राहिले, तिला ऐकू जाईल असा.
हे कुठल्या पानावर नव्हतं.

मे महिना. दुपारचे दोन वाजून दहा.
"भुईमुगाच्या चौथ्या प्लॉटवर बाई पडली."
स्कूटीवर मी, मागं मांडीवर पेटी धरलेला विश्वंभर.
परभणीचं ऊन, हँडलला हात लावू देईना.

बाई बांधावर. बायांनी पदरांची सावली धरलेली.
अंग तव्यासारखं, घामाचा टिपूस नाही.
कुणी तोंडात पाणी ओतू बघत होतं.
"थांबा. पाजू नका, अंगावर ओता."
माझा आवाज मलाच नवा.
तुषारचा व्हॉल्व्ह सोडायला लावला,
चौघींना आडोशाला पाठमोरं उभं केलं,
चोळीची गाठ सैल केली, काखेत बर्फ.
नाडी एकशे अडतीस.
"मावशी, ऐकू येतंय का? नाव सांगा."
"मावशी, नाव."

वसमत रोडवर हॉर्न वाजत गेला. आपला नव्हता.
एकशेआठ अजून जिंतूर नाक्यावर होती म्हणे.
मी मनगट सोडलं नाही.
एकशे तीस.
एकशे सव्वीस.
पापणी हलली.

ती बोलली ते नाव नव्हतं.
"माझी हजेरी लागली का?"

गाडी येईस्तोवर फॉर्म भरायचा असतो.
नाव : कौतिकाबाई.
वय विचारलं, तर बहुतेक हसली,
ओठ फुटलेले, नीट कळलं नाही.
"भूकंपाच्या साली थोरला पोटात व्हता.
त्याच्यावरून मांडा."
विश्वंभरनं बोटांवर मांडलं. मी पन्नास लिहिलं.

गाडी गेली. धूळ खाली बसली.
लिंबाच्या सावलीत मुकादम, मांडीवर रजिस्टर.
मी ओल्या कपड्यांनी समोर उभी राहिले.
"त्यांची हजेरी?"
"दोनपर्यंतची अर्धी लावलीय."
"पूर्ण लावा."
"तुम्ही कोण, मॅडम?"

याचं उत्तर गयासभाईंनी शिकवलं नव्हतं.
गळ्यातलं कार्ड चिखलानं भरलेलं.
अंगठ्यानं पुसलं, तर खाली 'स्वयंसेवक' एवढंच निघालं,
माझं नाव नाही निघालं.

मी तिथंच बांधावर बसले.
"लिहा तुम्ही सावकाश," म्हटलं, "मी आहे."
तो रजिस्टरकडे बघत राहिला.
मी मनात तीस मोजले. दोन श्वास घेतले.
पुन्हा तीस.

चौथ्या फेरीला
त्यानं पेनाचं टोपण काढलं.