पान अकरा, खाली डावीकडे

पहाटे साडेचारला बिटको चौकात
गठ्ठ्याची सुतळी मी दातांनी तोडली.
एरवी खिशात ब्लेड असतं,
पण काल मैदानावर ते कुणीतरी नेलं
सिराजच्या पायाची पट्टी कापायला,
आणि नंतर ब्लेड मागायचं भान कुणाला!

दोन-शून्यने मागे होतो आम्ही.
समोर पुण्याचा संघ, सगळ्यांचे मोजे एका रंगाचे.
आमच्या पोरांचे मोजे ज्याच्या त्याच्या घरचे.
सत्तरावं मिनिट. लोक चपला शोधायला लागलेले.
जेल रोडचे निसाळमामा गाडीला किक मारून तयार.
तेवढ्यात वाल्मीकने एक तिरपा सारला,
दाराखालून मांजर जातं तसा, गोलकीपरच्या काखेखालून.
मामांनी गाडी बंद केली.
मग पेनल्टी. सिराज कोकणी, पायाला पट्टी,
धावला नाही. चालत गेला बॉलकडे,
उधारी मागायला जावं तसा, सावकाश.
दोन-दोन.
आणि शिट्टीला अर्धं मिनिट उरलेलं असताना
कॉर्नर. सहा जण हवेत. धूळ.
आधी जाळं हललं, मग ग्लॅडविन दिसला,
मग आवाज आला.
तो माझाच होता हे मला जरा वेळाने कळलं.
शेजारच्या अनोळखी माणसाने माझा मुका घेतला,
तंबाखूचा वास,
म्हटलं, चालतंय, आज चालतंय.

तर गठ्ठा फोडला.
पहिलं पान पाहिलं, उगाच. माणसाला आशा असते.
मग शेवटचं. तिथे क्रिकेट,
एका बॅट्समनच्या अंगठ्याला सूज, दोन कॉलम.
आमचा सामना पान अकरा, खाली डावीकडे,
बोअरवेलच्या जाहिरातीला टेकून:
‘वादग्रस्त गोलने पुण्याचा दुर्दैवी पराभव’.
अरे, पण जिंकलं कोण?
आठ ओळींत आमचं नाव नाही. ‘यजमान संघ.’
जणू आम्ही त्यांना जेवू घातलं.
फोटोत पुण्याचा कप्तान, गुडघ्यांत डोकं घालून,
सुंदर फोटो, बघून रडू यावं असा.
आणि उजव्या कडेला, कापलेलं, एक कोपर.
जुन्या टाक्यांची खूण. ग्लॅडविन आढावचं.
आख्ख्या नाशिकरोडच्या वाट्याला ते कोपर.

सहापर्यंत बँकेच्या बंद शटरपुढे सगळे जमले.
‘विकले गेलेत,’ मामा म्हणाले.
‘बातमीदार दुसऱ्या हाफला नव्हताच. वडापाव खात होता.’
‘मालक पुण्याचा असणार.’
‘मालक नागपूरचा.’
‘मग तर नक्कीच.’
कुणी म्हणालं, आज वाटूच नकोस, सगळे वालदेवीत सोड.
दोनशे चाळीस अंक.
मी म्हटलं, पैसे कोण भरणार?
मग सगळे जरा वेळ रस्त्याकडे बघत राहिले.

सिराज लंगडत आला, माझं ब्लेड घेऊन.
त्याच ब्लेडने मामांनी कोपर कापून काढलं,
नखाएवढं, आणि कुलपाच्या वर चिकटवलं
सिराजच्या पट्टीचा तुकडा लावून.
टाळ्या पडल्या.

मी वाजवल्या नाहीत. हातात अंक होते.
शिवाय काल मी गोलच्या मागेच उभा होतो,
जाळ्याला नाक लावून.
धूळ होती, खरं आहे.
पण बॉल आत यायच्या आधी शेवटचा कशाला लागला
ते मला दिसलं होतं.
ते आता शटरवर होतं.

ग्लॅडविनची आई फाटकातच उभी.
‘आलंय का रे?’
‘आलंय, मावशी.’
‘चष्मा आत राहिला. वाच तू.’
सायकल पायाशी टेकवली, पान अकरा उघडलं,
बोअरवेलवर अंगठा ठेवला
आणि वाचलं, मोठ्याने, न अडखळता:
‘ग्लॅडविन आढाव याचा डोक्याने मारलेला अप्रतिम गोल.
मैदान उभं राहिलं.’
अजून तीन-चार ओळी वाचल्या. सुचत गेल्या.

तिने पदराने तोंड पुसलं.
‘चांगलं लिहितात रे ही माणसं,’ म्हणाली,
आणि अंकासाठी हात पुढे केला.