मधली चित्रं

लिएजमध्ये हिवाळ्यात सकाळी आठलाही अंधारच असतो.
म्यूज नदीवर धुकं, आणि पुलावरून मी,
पाठीला चित्रांचं बाड, हातात गार झालेली कॉफी.
काल रात्री दोनपर्यंत पान एकोणतीसवर शाई फिरवत होते,
मनगटाच्या आत त्याचा डाग राहिलाय.
मुलांना वाटतं, गोंदवून घेतलाय.

शाळेच्या इमारतीत पूर्वी बंदुका जुळवायचे.
खिडक्या उंच, उत्तरेकडे उघडणाऱ्या.
नेम तपासायला जो उजेड लागायचा
तोच रेघेलाही लागतो, एवढंच आमचं नशीब.

शिकवणारे आम्ही सगळे आठवड्यातून दीड दिवसाचे.
कुणाची मालिका मासिकासकट बुडालेली,
कुणाची चालू, पण पैसे पुढच्या उन्हाळ्यात.
शिक्षकांच्या खोलीत कलेबद्दल कुणी बोलत नाही.
पाठदुखीबद्दल बोलतात,
आणि कुठला निबचा कारखाना बंद झाला त्याबद्दल.

ओदिलाँ देग्रेव्ह यानं तीस वर्षं मधली चित्रं काढली.
पहिलं चित्र मोठ्या कलावंताचं, शेवटचंही त्याचंच,
मधली अकरा ओदिलाँची.
सिनेमा संपताना त्याचं नाव यायचं, आणि असं झरकन वर जायचं
की त्याच्या आईला ते कधी वाचताच आलं नाही.

तो पहिल्या तासाला पिठाची गोणी आणतो.
एकेकाला ती कडेवर घेऊन वर्गभर फिरायला लावतो.
मग म्हणतो, आता काढा.
डोळे नकोत, तोंड नको.
गोणी दमलीये, एवढंच कळू दे.
कुणाच्या तरी कोटावर पीठ सांडतं, आणि जिन्यापर्यंत
पांढरी पावलं उमटत जातात.

यंदा तित्सियाना पियेद्दा नावाची मुलगी आहे.
आजोबा सार्डिनियाहून आले, कोळशाच्या खाणीत उतरले
आणि वर येताना छातीत थोडी खाण घेऊन आले.
तिनं त्यांना टेकडीचा जिना चढायला लावलं.
चोवीस चित्रं. गुडघा वाकतो, टाच उचलते,
कोटाचं टोक अर्धा क्षण मागे राहतं. हात बसलाय पोरीचा.
मी दारात होते, मला हेवा वाटला.

ओदिलाँनं कागद अंगठ्याखालून फरफर सोडले,
परत सोडले.
चांगलंय, म्हणाला. पण हा कुणाचाही आजोबा आहे.
मग त्यानं सात, आठ, नऊ, दहा काढून घेतली,
सहावं परत ठेवलं, पायरीवर एक पाय, हात कठड्यावर.
इथे ते थांबतात ना?

ती बराच वेळ त्या हाताकडे बघत राहिली.
इथे ते म्हणतात, नदी बघ, ती म्हणाली.
दर वेळी इथेच.
मला वाटायचं, त्यांना नदी आवडते.

वर्गात हीटर टकटक करत होता.
मग हे एकच चित्र छत्तीस वेळा घे, ओदिलाँ म्हणाला,
दीड सेकंद. फक्त कॉलर थोडी वर, थोडी खाली.
आणि कॉलर दाखवायला त्यानं पेन्सिल उचलली.
त्याचा हात हल्ली थरथरतो.
रेघ कापत गेली, आणि मागच्या बाकावरचा एकजण
ती कापरी रेघ शैली समजून वहीत उतरवू लागला.
ओदिलाँनं ते पाहिलं, आणि त्याला उतरवू दिलं.

माझा तास त्यानंतर होता.
दोन चौकटींमधल्या पांढऱ्या फटीवर बोलायचं होतं,
नऊ वर्षं तेच बोलते, टिपणं पिवळी पडलीत.
त्या दिवशी म्हटलं, जुनी पानं काढा
आणि तुम्ही कुठे न थांबता पळालात ते शोधा.
कुणी हुशार उत्तर दिलं नाही. बरं वाटलं.

संध्याकाळी घरी पान तीस पसरलेलं होतं.
सहा चौकटी. पाचवीत बाई दार लावते,
सांगते की तिला काहीच झालेलं नाही.
ती मी ब्लेडनं खरवडून काढली.
कागद तिथे जरा झिजलाय, उजेडात धरला तर दिसतो.
संपादक म्हणणार, ठरल्या होत्या सहा.
चित्रांचे पैसे मोजून मिळतात,
काढून टाकलेल्यांचे नाही.
हे मात्र अजून मुलांना सांगितलेलं नाही.