पन्नासच्या आधीचा पुरावा

प्राणहितेच्या अलीकडे, तेंदूच्या झुडपांत
एक झाड आडवं पडलंय.
दगडाचं.

मी त्यावर मांजरपाट ताणते
आणि वणीहून आणलेला कोळसा घासते
(तोही झाडच, वेगळ्या नशिबाचा).
सालीच्या भेगा उमटतात. एक गाठ.
तुटलेल्या तोंडाशी वर्षांची कडी.

लिंगूबाई कोवे शेळ्या थांबवते.
"काय करून राह्यली वं?"
"चित्र."
"ते तं आधीच हाये."

तिची सासू इथं विळा घासायची.
तेवढा खळगा गुळगुळीत,
कापडावर तो पांढराच राहतो.

पडताळणी समितीकडे माझी फाइल
चौथ्या वर्षात आहे.
पन्नास सालाआधीचा कागद आणा, म्हणाले.
आजोबांचा शाळेचा दाखला नाही,
कारण शाळा नव्हती.
कोतवाल बुकात नुसतं 'चैतू',
पुढं शाई फुटलेली.

नागपूरच्या गॅलरीला मात्र
कलाकाराची ओळख
दोन ओळींत हवी. सोमवारपर्यंत.

मी कडी मोजायला बसते.
चाळीसपाशी बोट सरकतं,
पुन्हा एकपासून.
"मोज, मोज," लिंगूबाई तंबाखू मळत म्हणते,
"त्याले कुठं जाचं हाये?"

एवढ्यात तिची ठिपक्याची पाट
उडी मारून थेट कापडावर,
कोळशात चार खूर.

ते मी पुसले नाहीत.

मंगळवारी तारीख आहे.
घडी घालून नेईन,
टेबलावर मावेल तेवढं उलगडेन.
बाकीचं खाली लोंबेल,
साहेबांच्या बुटांपर्यंत.