खडी

रात्रपाळी. माहुल. पंपघराच्या मागे
एकशे चार नंबरचा व्हाल्व्ह
खडी दळतोय.

पास्कोल मिस्त्री स्क्रूड्रायव्हरचं टोक बॉनेटवर टेकवतो,
मूठ कानाला.
"खडी नाय रे. पानीच हाय."

पाणी असं वाजतं?

तंबाखू मळता मळता सांगतो:
फटीतून जाताना ते पळत सुटतं,
पळताना दाब सांडतं,
इतका, की थंडच्या थंड उकळतं.
मग पुढे जागा मिळते, दाब परत येतो,
आणि आलेला एकेक बुडबुडा
तिथल्या तिथे चिरडतो.
"वाफ व्हायला निघालेलं, त्याला कोनी होऊ दिलं नाय.
वाजनारच."

कंट्रोल रूममधून वागळेसाहेब: अजून उघडा!
उघडला.
फ्लो तेवढाच. आवाज दुप्पट,
पाइपाच्या आधारांचे नट थरथरायला लागले.

शटडाऊनला प्लग काढला.
बोट फिरवलं:
नुकती टाकी लावलेलं जातं.
इतकं कडक पोलाद,
आणि खाल्लं कुणी, तर
पोकळीने.

नव्या व्हाल्व्हच्या पोटात पायऱ्या आहेत,
दाब एकेक करून उतरतो.
"जिना दिला त्याला," पास्कोल म्हणतो,
"आता उडी नाय मारनार."

जुना प्लग त्याने घरी नेलाय,
लाइटबिलांवर ठेवतो.
डावा कान या पंपघरातच गेला त्याचा.
व्हाल्व्हचं ऐकायला तो उजवा लावतो,
साहेबाचं ऐकायला डावा.