चिमणीच्या दातांनी

तेवीस पानांचं संमतीपत्र, मराठीतून.
प्रत्येक पानाच्या तळाशी माझी सही,
जयसिंगची वेगळ्या संचात.
तस्नीम समजावून सांगते, घाई करत नाही.
पहिला टप्पा आहे, ताई.
बरं करतं का, हे अजून आम्ही विचारलेलंच नाही;
अंगाला किती झेपतं, एवढंच बघतोय.
तुमचे बंधू सातवे.

मग विषाणूचं नाव सांगते,
लांबलचक, दोन साहेबांची आडनावं जोडलेलं.
बहुतेकांच्या अंगात असतो म्हणते.
लहानपणी शिरतो, लाळेतून,
आणि जन्मभर रक्तात पडून राहतो मुकाट.
एखाद्याच्याच रक्तात उठतो.

लाळेतून म्हणजे?
म्हणजे उष्टं, ताई. एका पेल्यातलं पाणी वगैरे.

खडकीच्या दारूगोळा कारखान्याची क्वार्टर्स.
पाण्याच्या टाकीमागे एक पेरू होता,
आतून गुलाबी.
उष्टं द्यायचं नाही कुणाला, आई बजावायची.
म्हणून मी फ्रॉकचा घेर पेरूवर गुंडाळायची
आणि चिमणीच्या दातांनी त्याचा वाटा तोडायची.
केवढा विश्वास त्या सुती कापडावर!
घेर ओला व्हायचा,
पेरूवर दोऱ्यांची नक्षी उमटायची
आणि जयसिंग ती आधी चाटून मग खायचा.

हे मी तस्नीमला सांगितलं नाही.
फॉर्ममध्ये तसा रकाना नव्हता.

दोन्ही हातांत सुया, चार तास.
यंत्र रक्त घेतं, गरगरवतं,
हवं ते पाखडून ठेवतं, उरलेलं परत देतं.
ओठांना मुंग्या येतात.
चघळायला कॅल्शियमची गोळी, संत्र्याच्या चवीची.
माझ्या पेशींना तो ओळखीचा आहे म्हणे.
चाळीस वर्षं पहारा केला त्यांनी
आणि मला एकदा हाक मारून सांगितलं नाही.
त्याच्या पेशी विसरल्या.
आता माझ्यातल्या तिकडे धाडायच्या,
निम्म्याच जुळतोय आम्ही, तरी.

निम्मे, हे ऐकून जयसिंग हसला.
आईच्या फ्लॅटची वाटणी झाल्यापासून
आम्ही फक्त भाऊबीजेला बोलत होतो,
तेही फोनवर.

तीन आठवडे पेशी वाढवल्या.
पिशवी आली एवढीशी, दह्याच्या पुडीएवढी,
धुरकट थंड डब्यातून.
कोमट पाण्यात उतरली, अकरा मिनिटांत आत गेली.
खोलीभर उकडलेल्या मक्याचा वास.
गोठवताना घालतात त्या औषधाचा, नर्स म्हणाली.
सिंहगडावर आल्यासारखं वाटतंय, जयसिंग म्हणाला.
रात्री ताप चढला.
तस्नीमनं वेळ लिहिली, आकडा लिहिला.
ताप चांगला की वाईट
ते कुणी बोललं नाही.

आज अठ्ठाविसावा दिवस.
सहाव्याचं काय झालं, ते विचारायचं नसतं.
मी विचारलं.
तस्नीम फायलीची फीत
सोडत राहिली, बांधत राहिली.

फाटकाबाहेर गाडीवर पेरू, तिखटमीठ लावून.
त्याला कच्चं फळ वर्ज्य.
मी एक घेतला, खिडकीखाली उभं राहून फोन लावला.
तिसऱ्या मजल्यावर पडदा हलला.
गुलाबी आहे का? त्यानं विचारलं.
पांढरा, मी म्हटलं. आणि बियाच फार.
खा तू, म्हणाला.
मला ऐकू दे.