मिनिटाला बेचाळीस

एप्रिलात वोरूच्या रानात
चरांच्या तळाशी अजून मळकं बर्फ असतं
आणि भूर्जांना आतून पान्हा फुटलेला असतो.

उर्वे म्हणाली, "रात्रपाळी संपली ना? झोपू नकोस, चल."
तिने सत्तरी ओलांडलीय.
तीस वर्षं दुधाचा टँकर चालवला,
म्हणून पायवाटेच्या वळणावरही
तिचा खांदा आधी वळतो, मग ती.
मी वॉर्डातल्याच बुटांत तिच्यामागे.

वाटेत एकाही झाडाकडे तिने बोट दाखवलं नाही.
"माणसाकडे दाखवतेस का?"
हनुवटीनेच ओळख करून द्यायची :
हा म्हातारा. ही आळशी, जूनशिवाय पालवत नाही.
हिच्यावर मागच्या साली वीज पडली
तरी हिरवी आहे मेली,
माझ्या बहिणीसारखी हट्टी.

भूर्जापाशी तिने टोपी काढली
आणि दुकानात शिरताना म्हणतात
तसं काहीतरी साधंच म्हणाली.

मी विचारलं, "मी आता कशावर विश्वास ठेवायचा?"
"विश्वास?" ती गिरमिट पुसत होती.
"तिला विचार, थोडं घेऊ का म्हणून. मग थांब."
"किती वेळ?"
"आतल्या बाईला दारापर्यंत यायला लागतो तितका."

मी मनातच विचारलं. लाज वाटली.
बोटं गारठली. दूर एक सुतार पक्षी
ठोकता ठोकता थांबला, पुन्हा लागला.
दार उघडलं की नाही, कळलं नाही,
पण ते बंद आहे असंही वाटेना.

गिरमिट दोन बोटं आत गेलं.
नळी. खाली पत्र्याची बादली.
टप.
टप.
माझी नजर मनगटावर गेलेली,
ही अकरा वर्षांची खोड.
"मिनिटाला बेचाळीस," मी मोठ्यांदा म्हणाले.
उर्वेने मान वर केली :
"कुणाला लावलीस सलाईन?"

काल रात्री सात नंबरच्या खाटेला लावली होती.
पहाटे चारला काढली.
आज-उद्या त्याची माणसं त्याला नेतील,
कबरस्तानाच्या वाटेवर गाडी थांबवतील,
एखाद्या पाइनच्या सालीत क्रूस कोरतील,
आमच्याकडे कोरतात तसा,
म्हणजे तो घरी परतणार नाही, झाडापाशी राहील.
रानात कुणीतरी असतं
हे शाळेत जायच्या आधीपासून ठाऊक होतं मला.
कधी भेटायला मात्र आले नव्हते.

आणि इथे सगळं उलटं.
तिकडे मी बाहेरून आत सोडते, थेंब थेंब,
राहील तोवर.
इथे आतून येतंय,
काळोखातून मुळांनी वर चढवलेलं,
कुणी न मागता, न मोजता.
म्हणजे, मी मोजलं. पण ते माझं झालं.

पहिला मग उर्वेने बुंध्याशी ओतला.
"जिचं तिला."
दुसरा माझा.
दात शिवशिवले. नुसतं पाणी, वाटलं,
आणि गिळून झाल्यावर, उशिरा, जरासं गोड.
मला हसू फुटलं.
कशाचं ते अजून सांगता येत नाही,
पण इतकं, की मग हिंदकळून बाहीत सांडला
आणि कोपरापर्यंत गार ओघळ गेला.
उर्वेने काही विचारलं नाही.
काळ्या पावाचा तुकडा मोडून
निम्मा माझ्या हातात कोंबला.

चौथ्या दिवशी भोक बुजवायला गेलो.
"हे तुझं काम," म्हणाली, आणि गाडीत जाऊन बसली.
मी खुंटी ठोकली, वरून मेण, ओलं शेवाळ,
आणि सालीवरून तळवा फिरवला,
पट्टी नीट बसली का बघतात तसा.
"दुखलं तर सांगा," मी म्हणाले.

रोजच म्हणते हे
आणि पुढच्या खाटेकडे वळते.

रस्त्यावरून उर्वेने दोनदा हॉर्न वाजवला.
मी तिथेच होते,
ऐकत.